गाडीतळाचे ढमाले गार्ड

ढमाले गार्ड कुणाच्याही घरी गेले की आधी मागच्या दाराकडे जायचे. पाहुण्याने पुढच्या दाराने यावं, ओटीवर बसावं, तांब्याभर पाणी प्यावं, ही आपली साधी रीत. यांना कसली रीतभात! "बाई, जरा सरका," म्हणायचे आणि थेट स्वयंपाकघरातून परसात. दोरीवर कुणाकुणाचे कपडे वाळताहेत, उंबऱ्याशी वहाणा कुणाच्या, चुलीवरचा भात नेहमीएवढाच आहे की जास्त, सगळं नजरेखालून घालायचे आणि मग परत येऊन भिंतीला टेकून उभे राहायचे. पहिल्या वेळी आमच्या सासूबाई इतक्या भडकल्या की त्यांनी हातातली पळी दाणकन आपटली. "पोलीस आहे का सासरा आहे मेला?" हे त्यांनी ऐकू जाईल अशाच आवाजात म्हटलं. गार्डांनी ऐकलं. म्हणाले, "पोलीस न्हाई. घरात परका मानूस न्हाई, येवढंच बगितलं. चालू द्या तुमचं."

मला हा माणूस आवडत नसे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं बोलले तर मेलेल्या माणसाचं गोडगोड चाललंय असं कुणाला वाटायला नको.

मूळचे ते आंदर मावळातले. रेल्वेत लागले ते मालगाडीचे गार्ड होऊन पेन्शनीत निघाले. उभा जन्म घाटात गेला. लोणावळ्याला गाडी थांबवून ब्रेक तपासल्याखेरीज ती उतारावर सोडत नसत, आणि ड्रायव्हर शंभरदा म्हणाला की ब्रेक ठीक आहे, तरी गार्ड मानत नसत. "लागतो म्हनू नगा, लावून दावा." हेच वाक्य ते पुढे भाजीवालीला म्हणाले, व्याह्याला म्हणाले आणि म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांनाही म्हणाले.

घाटात रेल्वेची एक सोय आहे. ती त्यांनी मला एकदा दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या समजावली होती. उतारावर एके ठिकाणी रूळ मुद्दाम बाजूच्या चढावाकडे वळवून ठेवतात. गाडी तिथे येऊन पुरती थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहे हे दिसलं, तरच तो रूळ सरळ करून देतात. बेफाम आली, तर ती आपली चढावावर जाते आणि दमून उभी राहते. "म्हंजी बगा बाई," ते म्हणाले, "गाडी चांगलीच हाय असं धरून रूळ लावला तर एक ना एक दिस समदी मरत्यात. बिगडलीय असं धरून लावला तर कुनीबी मरत न्हाई. थोडा येळ जातो, येवढंच." मला वाटतं, माणसांनाही ते बिघडलेलीच धरून चालायचे आणि थांबून दाखवलं तरच पुढे सोडायचे.

चहा कुणाकडे घेत नसत. "पाजलेला चा मागनं बोलतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट विचारली की थोड्या वेळाने तीच गोष्ट घरातल्या पोराला विचारायचे. देवळात प्रसाद मिळाला तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. त्यांची बायको, बिचारी लवकर गेली, ती म्हणायची, "मी ह्यास्नी जेवायला वाढती, तर आदी इचारत्यात, तू जेवलीस का. लोकास्नी वाटतं मायाच हाय." यावर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तीही हसायची.

आता लोणावळ्यात भाड्याने राहायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. होळी झाली की मुंबईचे शेठ लोक हवा खायला यायचे. हवा त्यांनी खायची आणि धूळ आम्ही. सीझनच्या दोन-अडीच महिन्यांत घरमालकाला जे भाडं मिळे ते आमच्याकडून वर्षभरात मिळत नसे. म्हणून गावातल्या प्रत्येक भाडेकरूने होळीनंतर घर रिकामं करायचं आणि मृगाचा पाऊस लागून शेठ पळाले की परत यायचं, असा शिरस्ताच होता. आमच्या मालकीणबाई धुळवडीच्या दिवशी पुरणपोळीचा तुकडा घेऊन यायच्या. पोळी हातावर ठेवून गोड आवाजात विचारायच्या, "मग, कधी निघताय?" मग हातगाडी, त्यावर ट्रंका, पाटावरवंटा, सासूबाईंचे देव, आणि आमची वरात वलवणला एका गवळ्याच्या गोठ्यात. माझी थोरली मुलगी त्या गोठ्यातच झाली, म्हशींच्या शेजारी. हे म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात कंपाउंडर. साऱ्या गावाला औषधाच्या पुड्या बांधून देणारा माणूस आणि त्याची बायको बाळंतीण कुठे, तर शेणात! मला मालकीणबाईंचा राग येई, शेठांचा येई, यांचा तर सर्वांत जास्त येई. मला बंगला नको होता. ज्या चुलीवर होळीची पोळी केली त्याच चुलीवर अक्षय्यतृतीयेच्या पन्ह्याच्या कैऱ्या उकडाव्यात, एवढंच मागणं होतं.

गावाच्या कडेला म्युनिसिपालटीचा गाडीतळ होता. कोकणातून घाट चढून आलेल्या बैलगाड्या तिथे सुटायच्या. पुढे मोटारलॉऱ्या आल्या, गाड्या येईनाशा झाल्या, आणि ती मोठी मोकळी जागा नुसती पडून राहिली. तिथे शेळ्या चरायच्या. एका शेठाने ती मागितली. अध्यक्षांचा विचार लिलाव करावा असा होता, आणि गावात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की तिथे आणखी एक बंगला होणार आणि त्याला आणखी एक माळी लागणार.

ढमाले गार्ड तेव्हा नुकतेच म्युनिसिपालटीत निवडून आले होते. त्यांनी सांगितलं, जागा विकायची नाही. तिथे खोल्यांच्या ओळी बांधायच्या, बारमाही राहणाऱ्या माणसांना परवडेल अशा भाड्याने द्यायच्या, आणि त्या कधीही कुणालाही विकता येणार नाहीत असं करायचं.

झालं! गावात एकच कुजबुज. कुणी म्हणालं, कंत्राटदाराशी आतून ठरलंय. कुणी म्हणालं, शेठाशी जुनं वैर आहे. सासूबाईंचा सिद्धान्त असा की गाडीतळाखाली पुरलेलं धन आहे आणि पाया खणायच्या निमित्ताने ते हा माणूस काढणार. टांगेवाले हुसेनभाई आमच्याच रांगेत राहायचे, तेही सीझनला बायकोमुलांना घेऊन घोड्याच्या तबेल्यात जायचे. ते म्हणाले, "वहिनी, फुकट कोण कुणासाठी करतं? काहीतरी असणारच." मलाही तेच वाटलं. ज्याने आयुष्यात कुणाचा चहा घेतला नाही, त्याला आमचा एवढा कळवळा कशाला?

ठराव पास कसा झाला, ते मात्र गमतीचं होतं. गार्डांनी एकाही मेंबराला गरिबांची कणव सांगितली नाही. ते एकेकाच्या घरी गेले, मागच्या दारी फेरी मारली, आणि एवढंच म्हणाले, "जागा इकली तर मधल्यामधी कोन खानार? तुमी तर खानार न्हाई. मंग त्यो कोन?" प्रत्येक मेंबराला दुसऱ्या मेंबराचा चेहरा दिसला. दुसऱ्याच्या ताटात पडण्यापेक्षा कुणाच्याच ताटात पडू नये, या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं. गरिबांची घरं अशी उभी राहिली. चांगुलपणाने राहिली असती की नाही, देव जाणे.

अटी त्यांनी स्वतः घातल्या, आणि त्याही अशाच. खोली विकायची नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. म्युनिसिपालटीत बसलेल्या माणसाला, आज बसलेला असो की पूर्वी बसलेला, आणि त्याच्या नात्यागोत्याला गाडीतळावर खोली नाही. आणि सगळ्यांत शेवटची अट ऐकून मेंबर पोट धरून हसले. यांतला कुठलाही नियम बदलायचा असेल तर त्याची सभा फक्त आषाढात भरायची, ती गाडीतळावर, उघड्यावर, आणि दर खोलीमागे एक हात मोजायचा. लोणावळ्याचा आषाढ म्हणजे छत्री उलटी होऊन हातातून निघून जाते तो. "ज्याला खरीच नड हाय त्यो पावसात हुबा ऱ्हाईल," गार्ड म्हणाले. "हवा खानारं कोन येनार न्हाई." चेष्टेवारी ती अट पास झाली.

खोल्या कमी आणि मागणारे जास्त. चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. आता चिठ्ठी लहान मुलाने उचलायची, हा जगाचा नियम. गार्डांना तो कसा पटावा? "पोराला रातच्याला पढवून ठेवता येतंय." मग? मग सगळी उमेदवार मंडळी स्टेशनवर बोलावली. मद्रासची गाडी घाटासाठी थांबली होती. गार्डांनी एक चिठ्ठ्यांनी भरलेली घागर घेतली, डबे धुंडाळले आणि एका मद्रासी उतारूला हात धरून खाली उतरवलं. त्याला मराठी समजत नव्हतं, वाचता येणं तर दूरच. बिचारा घामाघूम! आपण बिनतिकिटाचे पकडले गेलो असं वाटून तो तिकीट काढून काढून दाखवायला लागला. "तिकीट ऱ्हाऊ द्या हो, हात घाला," म्हणून गार्ड त्याचा हात घागरीत कोंबत होते. आमचं नाव निघालं तेव्हा मी भर प्लॅटफॉर्मवर त्या मद्रासी माणसाला वाकून नमस्कार केला. तो आणखीच घाबरला.

त्या चिठ्ठ्यांनी ओळ लागली तीही गावाने कधी पाहिली नव्हती अशी. आमच्या एका बाजूला हुसेनभाई आणि दुसऱ्या बाजूला म्युनिसिपालटीचा झाडूवाला. सासूबाई तणतणत गार्डांकडे गेल्या. सोय बघून बदला म्हणाल्या. गार्ड म्हणाले, "आजी, मी सोय बगाया लागलो तर माजी बी सोय बगंन. मद्रासी बाबानं दिलंय त्ये घ्या." नळ एकच होता. पहिले सहा महिने सासूबाई घागर तीनदा विसळत होत्या, मग एकदा विसळायला लागल्या, आणि पुढे कंबर धरली तेव्हा त्याच झाडूवाल्याची बायको त्यांची घागर भरून दारात ठेवू लागली. त्यावर सासूबाई शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. पाणी मात्र प्यायल्या.

पहिला सीझन आला. मी जागची हलले नाही. धुळवडीला पोळी मी माझी खाल्ली. तुम्हाला त्यात काय एवढं वाटेल, पण मला ती खाताना रडू आलं.

आणि आमच्याच ओळीतल्या तुकारामाने घोळ घातला. तुकाराम म्हणजे रस्त्यावरचे दिवे लावणारा. इतकी वर्षं सीझनला मालक पैसे करतात हे बघितलेलं, त्याला वाटलं, आता मालक आपणच की! त्याने आपली खोली मुंबईच्या एका कुटुंबाला दिली आणि बायकोपोरांसह स्वतः परसातल्या लाकडाच्या खोपटात जाऊन राहिला. कुणी हाकललं नव्हतं. सवयच ती, सीझन आला की गोठ्यात जायचं. गार्ड नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आले. दोरीवर जरीकाठी धोतर. तुकाराम म्हणाला, "मावसभाऊ आलाय, आबा." गार्डांनी मावसभावाला राम राम घातला. "कुटलं गाव म्हनायचं?" मावसभाऊ पाटावर बसून मोठ्या कुतूहलाने नाचणीची भाकरी उलटीसुलटी करून बघत होता. "बहोत अच्छा है," तो म्हणाला. "ये किस चीज का है?"

आम्हाला वाटलं, आता तुकारामाचं बिऱ्हाड रस्त्यावर. गार्डांनी मावसभावाचं सामान हुसेनभाईंच्या टांग्यात चढवलं आणि तुकारामाला पोरांसह खोपटातून उठवून पुन्हा खोलीत बसवलं. एवढंच बोलले, "तू वाईट न्हाईस रं. सीझन वाईट हाय." त्यानंतर मात्र दर वैशाखात त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. मी एकदा चिडून म्हटलंच, "आबा, आमच्यावर एवढासुद्धा विश्वास नाही?" तर म्हणाले, "हाय की. म्हनून तर दिसाउजेडी येतो."

मग लढाई लागली. मुंबईवर बाँब पडणार अशी हूल उठली आणि माणसं लोणावळ्याकडे लोटली. सीझन बाराही महिने झाला. लोकांनी गोठे सारवून घराच्या भाड्याने दिले. गार्डांचं स्वतःचं घर गवळीवाड्यात होतं, पेन्शनीत निघाल्यावर बांधलेलं. ते त्यांनी मुलाच्या नावावर केलं होतं. मुलगा कल्याणला असायचा. तो एक दिवस आला, घर एका कापडवाल्या कुटुंबाला दिलं, आणि बापाची खाट मागच्या जळणाच्या खोलीत टाकली. साऱ्या गावाचा ब्रेक लावून बघणाऱ्या माणसाने एका पोटच्या पोराचाच तपासला नव्हता. मला याचा राग आला, वाईटही फार वाटलं. ते तेव्हा थकले होते, दम लागायचा, म्युनिसिपालटीही सुटली होती. तरी काठी टेकत आमच्या ओळीत फेरी चुकवत नसत.

त्या वर्षी तुकाराम नोकरी सोडून बायकोपोरांसह गावाकडे गेला आणि त्याची खोली रिकामी पडली. ती गार्डांना द्यावी, हे ओळीतल्या प्रत्येकाच्या तोंडी आलं. आधी कुणी काढलं, ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटायचं मीच. हुसेनभाईंना वाटायचं त्यांनी. पण आठवून बघते तर त्याआधी नळावर अध्यक्षांचा शिपाई म्हणाला होता, "म्हाताऱ्याचे हाल बघवत नाहीत हो, तुम्ही लोकांनी काहीतरी करायला पाहिजे." एरवी त्या शिपायाला स्वतःच्या आईचेही हाल दिसत नसत.

नियम आड येत होता, म्हणून आषाढात सभा लागली. उघड्यावर, गाडीतळावर. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. हे दवाखान्यात अडकले होते, म्हणून आमच्या खोलीचा हात माझा. अध्यक्ष छत्रीत, आम्ही पोत्याच्या खोळी घेऊन. अध्यक्षांनी गार्डांची पाच मिनिटं स्तुती केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कारकुनाने ठराव वाचला. अपवादात्मक परिस्थितीत योग्य व्यक्तीस खोली देण्याचा अधिकार अध्यक्षांस राहील.

गार्ड एका कडेला काठीवर भार टाकून उभे होते. म्हणाले, "पुन्ना वाचा."

कारकुनाने पुन्हा वाचला.

"माजं नाव कुटं हाय त्येच्यात?"

अध्यक्ष हसले. "गार्डसाहेब, नाव कशाला घालायचं? हे तुमच्यासाठीच तर आहे."

"माज्या नावाचं इंजिन म्होरं लावलंय," गार्ड म्हणाले. "मागनं डबे कुनाचे येनार, त्ये सांगा."

हुसेनभाईंना राहवलं नाही. "आबा, मग तुम्ही राहणार कुठे? त्या जळणाच्या खोलीत पावसाळा निघेल का?"

"त्ये ह्या सभंतलं काम न्हाई."

"मग ठरावात तुमचंच नाव घालू," मी ओरडले. "फक्त तुमचं!"

ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं, म्हणजे संशयाने पाहिलं होतं, पण असं नाही. "बाई, आज माजं घातलं. उद्या माज्यावानी दुसरा म्हातारा दावत्याल. त्यो बी बिचाराच आसंल. त्येचं नाव न्हाई म्हनाल? आन् त्येच्या मागनं कापडवाला म्हातारा यील. तवा कुटं थांबनार?" दम लागला म्हणून थांबले. "ठराव पडला पायजे. हात वर करा. नको म्हना."

तुम्ही सांगा, कसा वर करायचा हात? ज्याच्यामुळे डोक्यावर छप्पर आलं, त्याच्या डोक्यावर छप्पर नको म्हणून? पहिला हात झाडूवाल्याचा गेला. मग हुसेनभाईंचा, खाली बघत. मग एकेक. सगळे झाले आणि मी राहिले. गार्ड वाट बघत उभे. मला त्यांचा असा संताप आला की वाटलं, जाऊन ती काठी हिसकावून घ्यावी. मी हात वर केला. ठराव पडला. अध्यक्ष छत्री सावरत निघून गेले, आणि रिकामी खोली पुढे चिठ्ठीने एका हमालाला गेली.

दोन दिवसांनी कळलं, गार्ड आंदर मावळात भाच्याकडे चाललेत. कान्ह्याला उतरून पुढे चालत. त्या पावसात, त्या दमाच्या माणसाने! मी भाकऱ्या बांधून स्टेशनवर गेले. ते बाकावर ट्रंकेला टेकून बसले होते. गाठोडं घेतलं, सोडून आत काय आहे ते बघितलं, आणि पुन्हा बांधलं.

मी म्हटलं, "आबा, अध्यक्षांचं जाऊ द्या. आम्ही मनापासून म्हणत होतो हो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "लबाडाचं मला भ्या न्हाई, बाई. त्येला मी वळखतो. तुमी समदी मनापासनं म्हनत हुता, आन् माज्या बी मनात आलं की घ्यावी खोली. तवा लय भ्यालो."

गाडी आली. हुसेनभाईंनी ट्रंक चढवून दिली. गार्ड डब्यात शिरले, कुणीतरी सरकून जागा केली, आणि ते खिडकीशी न बसता आतल्या बाजूला बसले. मला त्यांचा खांदा तेवढा दिसत राहिला. दिवाळीनंतर ते गेल्याचं कळलं, तेही भाच्याच्या गावचा माणूस दवाखान्यात आला म्हणून. शेवटचे दिवस भाच्याच्याच घरी होते का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काय की. कदी ह्याच्याकडं, कदी त्येच्याकडं."

पुढच्या धुळवडीनंतर गावभर सामानाच्या हातगाड्या फिरत होत्या. माझी चूल जिथल्या तिथे होती.